पहिला घाणा

ग्रिम्सबीच्या धक्क्यामागे, जिथे पूर्वी मासे
बर्फात पडून असायचे,
त्या शेडचं भाडं आठवड्याला चाळीस पौंड.
छपराला दोन भोकं.
टेरेन्स म्हणतो, हवा खेळती राहते.

टेरेन्स ओल्डरॉइड, वय एकाहत्तर.
तीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनापाशी काढली,
डावा कान तिथेच ठेवून आला.
मी उजवीकडून बोलतो.

दर सोमवारी डॉनच्या दुकानातून तळणाचं तेल,
चहाच्या चोथ्यासारखं काळपट.
ते आम्ही टेरेन्सच्या बायकोच्या जुन्या पडद्यातून गाळतो.
पडद्यावर गुलाब होते. आता नुसते डाग.
माझ्या गाडीचा धूर असा
की सिग्नलला शेजारच्या गाडीतली पोरं
भूक लागली म्हणून रडतात.

आडनाव घाणेकर, आणि तीन पिढ्यांत
कुणी घाण्याला हात लावलेला नाही.
आजोबा पोस्टात, वडील एसटीच्या हिशेबखात्यात,
मी शीतगृहात, ते बंद पडेपर्यंत.
आता पन्नाशीत एक भंगारातला गीझर,
वॉशिंग मशीनचा पंप,
आणि तेलात फिरणारा मी.
बैल म्हणा हवं तर.

पालशेतहून वैजयंतीवहिनीचा फोन:
भावोजी, उंडीची फळं समुद्रावर नुसती सडतायत.
आम्ही नऊ जणी, एक लाख साठ हजार,
आणि पंचायतीची बंद पडलेली पिठाची गिरणी.
तुमचं ते यंत्र उंडेलावर चालेल का?

बाटली आली कुणाच्या तरी सामानातून,
तीन लुगड्यांत गुंडाळून,
वर चिठ्ठी: केसांचं तेल.
बूच काढलं तर हिरवट, कडू वास.
कंदिलाच्या खालचा. होडीच्या फळ्यांचा.
टेरेन्सने नाक आत घातलं, बराच वेळ काढलं नाही.

डॉनचं तेल तीन मिलिलिटरला गुलाबी होतं.
उंडेल दहाला नाही, वीसला नाही.
एकतिसाव्याला लाजल्यासारखा रंग आला.
मी हट्टाने तेवढा कॉस्टिक घातला,
मिथेनॉल घातलं, गीझर पंचावन्न अंशांवर ठेवला
आणि रात्री घरी गेलो.

सकाळी पिंपात साबण.
चमचा उभा राहील असा.
टेरेन्सने त्यातलाच गोळा घेऊन हात धुतले,
म्हणाला, ग्रीस तर निघतंय.

वहिनीला सांगायला दोन दिवस लावले.
ती म्हणाली, पहिला घाणा कढईचा असतो, भावोजी,
आपला नसतो.
आणि मग, लिटरला साबण किती झाला?
मी गप्प.
उजवीकडून टेरेन्स विचारत होता, काय म्हणतेय, काय म्हणतेय?

मग पुस्तकात होतं तसं,
आधी आम्ल, मग धीर, मग पुन्हा सगळं.
चौथ्या घाण्याला तेल दोन भाग झालं:
खाली गडद ग्लिसरिन,
वर उन्हासारखं काहीतरी,
म्हणजे कोकणातलं ऊन, इथलं नव्हे.
टेरेन्सच्या जनरेटरवर बल्ब अकरा मिनिटं जळला.
बाटलीच तेवढी होती.

मी आकडे पाठवले, वेळा, तापमानं,
कुठला व्हॉल्व्ह कुठे, सगळं.
तिचं उत्तर एका ओळीचं:
मिथेनॉल कुठे ठेवायचं? गिरणीला लागून अंगणवाडी आहे.

नकाशावर ती भिंत मीच काढली होती.
पलीकडे कोण बसतं ते विचारलं नव्हतं.

आज रविवार. डॉनचं दुकान बंद.
टेरेन्स फूटपट्टी घेऊन बसलाय,
भिंतीपासून किती फूट, वारा कुठला,
पोरं किती.
मी म्हणालो, बावीस.
त्याने चांगला कान पुढे केला,
म्हणाला, पुन्हा सांग.